गिरणीचा पगार, गावची भाकरी : गिरणगावाने शिकवलेले समाजशास्त्र

#थ्रेड #गिरणगाव

१/
समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात तीन प्रकरणे ठरलेली असतात : सामाजिक व्यवस्था, कुटुंबसंस्था आणि वर्गीय विषमता. परीक्षेसाठी ती वेगवेगळी वाचली जातात. मुंबईच्या गिरणगावात मात्र ही तिन्ही प्रकरणे चाळीच्या एकाच खोलीत नांदत होती. गिरणी कामगाराचा पगार इतका कमी का राहिला? एवढ्या पगारात त्याची मुले वाढली कशी? आणि सहा-सहा महिन्यांचे संप चालले कोणाच्या बळावर? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर शोधताना मुंबईतून निघून कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांत जावे लागते. हा धागा त्या वाटेचा आहे.

२/
कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवची गिरणी सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाच्या व्यापारात मुंबईत अमाप पैसा आला. त्यानंतरच्या दशकांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी, प्रभादेवी या पट्ट्यात धुरांडी उभी राहिली. मालक पारशी, भाटिया, गुजराती आणि बगदादी ज्यू होते. १८७५ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना उभारली. कामगारांची पहिली संघटना त्यानंतर आली.

३/
यंत्रांवर काम करायला माणसे आली ती प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून, तसेच सातारा, कोल्हापूर, पुणे आणि नगर या भागांतून. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, पीक एकच आणि डोक्यावर खोत. कुळाला खोताचा वाटा द्यावा लागे, वेठही करावी लागे. शेत पोटापुरते पिकले तरी रोख पैसा हातात येत नसे. सारा, खोताचे देणे, लग्न, आजारपण, सावकार या सगळ्यांना रोख रक्कम लागे. ती मिळवण्याचे ठिकाण म्हणजे मुंबई. घरातला एक मुलगा बोटीने मुंबईला जाई आणि गावाच्या भाषेत ‘चाकरमानी’ होई.

४/
आता पहिली संकल्पना : सामाजिक व्यवस्था. हजारो अनोळखी माणसे एका शहरात येतात, तरी रोज सकाळी भोंगा वाजताच वेळेवर यंत्रावर उभी राहतात. हे घडते कसे? एमिल द्युर्खेमने १८९३ मध्ये श्रमविभागणीवर ग्रंथ लिहिला, त्यामागेही असाच प्रश्न होता : समाजाला एकत्र कोण बांधते? त्याचे उत्तर असे की, आधुनिक समाजात माणसे सारखी असतात म्हणून नव्हे, तर कामे वेगवेगळी असल्यामुळे एकमेकांवर अवलंबून राहतात म्हणून बांधली जातात. गिरणगावात हे अवलंबित्व होते, पण ते समतेचे नव्हते.

५/
गिरणीत व्यवस्थेचा कणा होता जॉबर. कामगार भरणारा, काम देणारा, शिस्त राखणारा आणि काढून टाकणारा तोच. मालकाला प्रत्येक कामगार ओळखण्याची गरज नव्हती, जॉबर ओळखला की पुरे. नोकरी लावून देण्याबद्दल जॉबर दस्तुरी घेई. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. कायम नोकरी नसलेला ‘बदली’ कामगार रोज सकाळी फाटकाशी उभा राही. आज काम मिळेल की नाही, हे जॉबरच्या नजरेवर ठरे. लेखी कायद्यापेक्षा ही नजर अधिक परिणामकारक होती.

६/
परंतु जॉबरची सत्ता सर्वंकष नव्हती. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी हा मुद्दा नेमकेपणाने मांडला आहे. जॉबरला माणसे मिळत ती त्याच्या गावातून, नात्यातून आणि वस्तीतून. तीच माणसे त्याच्यावर रुसली तर त्याची पत संपे. संपाच्या वेळी कामगारांच्या बाजूने उभे राहायचे की मालकाच्या, हा पेच म्हणूनच जॉबरला सतत पडे. गिरणीतील शिस्त अशा प्रकारे गिरणीबाहेरच्या संबंधांवर टेकलेली होती.

७/
हे संबंध राहत कुठे? चाळीत. एका गावचे पुरुष मिळून एक खोली भाड्याने घेत, तिला गावाची खोली म्हणत. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे झोपण्याच्याही पाळ्या लागत. एक कामावर निघाला की दुसरा त्याच्या वळकटीच्या जागी आडवा होई. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, दोरीवर कपडे, आणि जेवण खानावळीत. नवा मुलगा गावाहून आला की त्याला आधी या खोलीचा आसरा मिळे आणि मग ओळखीने गिरणी. जागा, नोकरी आणि उधारी या तिन्हींची किल्ली गावाचे नाव हीच होती.

८/
उधारी हा या व्यवस्थेचा आणखी एक धागा. पगार महिन्याने होई, आणि महिना संपल्यावरही तो हातात पडायला बरेच दिवस लागत. म्हणजे नव्या कामगाराला पहिल्या पगारापर्यंत दीड महिना उसनवारीवर काढावा लागे. वाण्याकडे खाते, खानावळीत खाते, अडचणीला सावकार. मागे राहिलेला पगार हे मालकाच्या हातातले ओलीस होते, काम सोडून जाणाऱ्याला तो गमवावा लागे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये कामगारांनी जे निवेदन तयार केले, त्यात रविवारची सुटी आणि दुपारची विश्रांती यांच्या जोडीने एक मागणी अशी होती : मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. मागणी साधी दिसते, पण ती कर्जाची साखळी तोडण्याची होती.

९/
दुसरी संकल्पना : कुटुंब. विसाव्या शतकाच्या मध्यात टॅल्कट पार्सन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने मांडले की, औद्योगिक समाजाला लहान, सुटसुटीत, विभक्त कुटुंबच मानवते. नोकरी जिथे जाईल तिथे नवरा-बायको-मुले जाऊ शकतात, आणि मोठ्या नातेवाईक गोतावळ्याची गरज उरत नाही. अमेरिकी उपनगरांकडे पाहून हे पटण्यासारखे होते. गिरणगावाने मात्र जवळपास शतकभर याच्या उलट चित्र दाखवले. येथे कारखाना चालला तो दोन ठिकाणी विभागलेल्या, पण एकत्र राहिलेल्या कुटुंबावर.

१०/
१९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. शहरातील पाचांपैकी चारांहून अधिक माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. या दोन आकड्यांत गिरणगावच्या कुटुंबाची रचना दडली आहे. कमावता पुरुष शहरात. बायको, म्हातारे आईवडील, मुले आणि बहुधा एखादा भाऊ गावी. शिमगा, गणपती आणि मे महिना या काळात हे कुटुंब एका छताखाली येई. वर्षातील उरलेले दिवस ते पोस्टमनने आणलेल्या मनीऑर्डरीने आणि कोणाकडून तरी लिहून घेतलेल्या पत्राने जोडलेले असे.

११/
गावी राहिलेली स्त्री ‘घरी’ बसलेली नव्हती. ती भाताची लावणी करी, गुरे सांभाळी, लाकूडफाटा आणी, खोताचे देणे भागवी, सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणे पाही आणि मुले वाढवी. शहरातील कामगार आजारी पडला, अपघातात हातपाय गमावून बसला, म्हातारा झाला किंवा कामावरून निघाला की तो याच घरी परते. निवृत्तिवेतन, आजारपणाची रजा, बाळंतपणाची सोय, बेकारी भत्ता : आज या गोष्टींना जी नावे आहेत, ती सर्व कामे दीर्घकाळ गावच्या घराने केली, आणि गिरणीच्या हिशेबवहीत त्यांची नोंद झाली नाही.

१२/
कार्ल मार्क्सच्या मांडणीनुसार मजुरीत केवळ कामगाराच्या आजच्या जेवणाचा खर्च मोजून भागत नाही. उद्याचा कामगार, म्हणजे त्याची मुले, वाढवण्याचा खर्चही तिच्यात धरावा लागतो. मुंबईच्या मालकांना हा दुसरा हिस्सा पूर्ण द्यावा लागला नाही. सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. तिचा एक निष्कर्ष गाजला : कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी कामांच्या नियमांत ठरवलेल्या कमाल मापाएवढे होते, आणि मुंबई प्रांताच्या तुरुंगात कैद्याला ठरवून दिलेल्या मापापेक्षा कमी.

१३/
१९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला. कामगार शहराच्या ओढीने येत नाही, तर गावातील दारिद्र्य त्याला बाहेर ढकलते, असे निरीक्षण आयोगाने नोंदवले. आयोगाच्या मते गावाशी असलेला हा दुवा तोडण्यापेक्षा जपणे हिताचे होते. कामगाराच्या दृष्टीने त्यात तथ्य होते, कारण गाव हा त्याचा एकमेव आधार होता. पण त्याच शिफारशीचा दुसरा अर्थही निघतो : वृद्धापकाळाची आणि आजारपणाची जबाबदारी उद्योगाने किंवा सरकारने पूर्णपणे उचलण्याऐवजी ती गावाकडेच राहू द्यावी.

१४/
सर्वच स्त्रिया गावी राहिल्या असे मात्र नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. रिळे भरणे, सूत गुंडाळणे, कापूस निवडणे या खात्यांत त्या मुख्यतः असत. त्यांत विधवा आणि टाकलेल्या स्त्रियांची संख्या लक्षणीय होती, म्हणजे ज्यांना गावच्या घराचा आधार तुटला होता अशा. त्यांचे काम ‘हलके’ मानले जाई आणि वेतनही त्याच प्रमाणात कमी असे. दिवसभर उभे राहून तुटलेला धागा जोडणे हलके कसे, हा प्रश्न वेतन ठरवणाऱ्यांना पडला नाही.

१५/
पुढे स्त्रियांची संख्या घसरत गेली. १८९१ च्या कायद्याने त्यांच्या रात्रीच्या कामावर बंदी आली होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. हेतू संरक्षणाचा होता, आणि ते संरक्षण खरोखर गरजेचे होते. पण पाळ्या वाढवायच्या आणि खर्च कमी करायचा, अशा विचारात असलेल्या मालकाला स्त्री कामगार गैरसोयीची वाटू लागली. नवी यंत्रे प्रथम आली तीही अनेकदा स्त्रियांच्याच खात्यांत. संघटनांनीही ‘पुरुषाला कुटुंब पोसण्याइतका पगार हवा’ या मागणीवर भर दिला. न्याय्य मागणीच्या पोटात स्त्रीची कमाई दुय्यम ठरली. १९८० च्या दशकापर्यंत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण शेकडा काहीच उरले होते.

१६/
गिरणीतून बाहेर पडलेली किंवा तिथे कधीच न पोचलेली स्त्री खानावळीत दिसते. आपल्याच खोलीत दहा-वीस पुरुषांचा स्वयंपाक करणारी बाई ही गिरणगावची खरी ‘पायाभूत सुविधा’ होती. महिनाअखेरीस पैसे मिळत, संप झाला तर तेही बुडत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळण्याची वाट खुली झाली. पहिली गिरणी सुरू झाल्यानंतर सव्वाशे वर्षे होत आली, तेव्हा कुठे या श्रमाला ‘व्यवसाय’ हे नाव मिळाले.

१७/
तिसरी संकल्पना : वर्ग. एका छपराखाली काम केल्याने वर्ग आपोआप तयार होत नाही, तो घडवावा लागतो. लोखंडे हे सत्यशोधक परंपरेतले, ‘दीनबंधु’ चालवणारे. १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर त्यांच्या पुढाकाराने कामगारांची प्रचंड सभा झाली आणि त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. ब्राह्मणेतर चळवळीच्या कुशीत मुंबईची कामगार चळवळ जन्माला आली, ही बाब महत्त्वाची आहे. जातीचा प्रश्न येथे वर्गाच्या प्रश्नानंतर आला नाही, तो पहिल्यापासूनच सोबत होता.

१८/
गाव ही जशी मालकाची सोय होती, तशीच ती कामगाराची ढालही होती. १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९७ च्या सुरुवातीपर्यंत शहरातील जवळपास निम्मी माणसे पळाली. गिरण्यांना माणसे मिळेनात. रस्त्याच्या कोपऱ्यावर कामगारांची बोली लागू लागली आणि महिन्याने मिळणारा पगार रोजच्या रोज मिळू लागला. जे निवेदनांना जमले नव्हते, ते गावी निघून जाण्याच्या शक्यतेने काही काळापुरते का होईना घडवले. १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा हेच कामगार सहा दिवस काम बंद ठेवून रस्त्यावर आले.

१९/
१९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. एका कामगाराने पूर्वीपेक्षा अधिक साचे सांभाळावेत, या मालकांच्या योजनेला त्यांचा विरोध होता. याच संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे नेते पुढे आले आणि १९२९ च्या मार्चमध्ये मीरत खटल्यात पकडले गेले. सहा महिने पगाराविना माणसे जगली कशी? हजारो कामगार गावी गेले. पावसाळ्यात शेतावर राबले आणि घरच्या धान्यावर तगले. संपाचा सर्वांत मोठा निधी कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांनी दिला.

२०/
पण याच संपाने वर्गाच्या एकीतली भेगही उघडी केली. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, सुतकताईच्या खात्यापेक्षा पगार चांगला होता. तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई : धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जातो. विटाळाची कल्पना अशा रीतीने पगाराच्या कोष्टकात उतरली. हा नियम राबवण्यास मालकाच्या हुकमाची फारशी गरज नव्हती, सवर्ण कामगारच तो राखत होते.

२१/
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ मध्येच जाहीरपणे उभा केला. संपाच्या मागण्यांत या बंदीला स्थान नसेल, तर ही एकी कोणाची, असा त्यांचा रोख होता. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे १९३६ मध्ये त्यांनी मांडलेले सूत्र द्युर्खेमच्या चौथ्या मुद्द्यातील उत्तरालाही छेद देते : वेगवेगळी कामे माणसांना बांधतातच असे नाही, ती त्यांना एकमेकांपासून तोडूही शकतात. त्याच आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात कम्युनिस्टांच्या बरोबरीने उभे राहिले. खोताचे शेत आणि गिरणीचे फाटक यांतला संबंध त्यांनी अचूक ओळखला होता.

२२/
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस यांच्या जोडीला १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याला विरोध होता, कारण त्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे ठेवला होता. जुन्या सवयीने गाव पुन्हा उभे राहिले. धान्य आले, माणसे शेताकडे परतली. पण या वेळी हिशेब बदललेला होता. शेतीचे तुकडे आणखी लहान झाले होते, अनेक कुटुंबे मुंबईतच वसली होती, आणि कापड यंत्रमागावर तयार होत होते. कामगार थांबला तरी मालकाचे फारसे अडत नव्हते.

२३/
संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाहून अधिक कामगार पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत. चाळीत राहिलेल्या घरांचा भार स्त्रियांवर आला : धुणीभांडी, पोळीभाजी, शिवणकाम, फेरी. कुटुंबाने पुन्हा एकदा धक्का स्वतःवर घेतला. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन मात्र कापडापेक्षा मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियमावलीत तिच्या वाटपाचे सूत्र ठरले, २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. सार्वजनिक मैदाने आणि घरे यांच्या वाट्याला येणारी जमीन त्यामुळे बरीच घटली. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी.

२४/
मग समाजशास्त्राच्या त्या तीन प्रकरणांचे काय? गिरणगावात व्यवस्था टिकली ती गाव, जात आणि उधारी यांच्या जाळ्यावर. पगार कमी ठेवता आला, कारण मुले, म्हातारे आणि आजारी माणसे गावच्या घराने सांभाळली. वर्ग उभा राहिला तोही त्याच घराच्या धान्यावर, आणि अडखळला तो साचेखात्याच्या उंबऱ्यावर. यांतले एकही प्रकरण दुसऱ्याशिवाय पूर्ण होत नाही.

२५/
लोअर परळच्या काचेच्या इमारतींमधून एखादे जुने धुरांडे अजून दिसते. त्याकडे पाहताना गिरणीमालकाचे आणि संपनेत्याचे नाव सहज आठवते. त्याच इतिहासात भाताची लावणी करून मनीऑर्डरीची वाट पाहणारी स्त्री, खानावळवाली बाई आणि धोट्याला हात लावू न दिलेला कामगारही आहे. ज्यांच्या घरात गिरणीत गेलेले आजोबा किंवा पणजोबा होते, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : ‘आजोबा मुंबईला होते, तेव्हा गावचे घर कोण चालवत होते?’ त्या उत्तरांची नोंद दप्तरखान्यात नाही. ती सांगणारी पिढी अजून आहे, तोवर ती लिहून घेता येईल.

(धागा समाप्त)